एका पाहुण्याची खोली

१ सप्टेंबर, रविवार

तुझे संपूर्ण नाव, मधे माझे आणि शेवटी आपले आडनाव अशा रीतसर क्रमाने, या वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. वही कोणाच्याही हाती पडली तरी ती कोणाला उद्देशून आहे याविषयी संशय राहू नये. येथून पुढे मात्र नुसते 'तू' म्हणेन. बत्तीस वर्षे आपले 'ऐकलंस का' एवढ्यावर भागले. आता तू जाऊन दहा महिने झाल्यावर मी नावाने हाक मारू लागलो तर तूच दचकशील.

ऐकलंस का, मी परदेशी चाललो आहे. उद्या सकाळी. माझे मलाच खरे वाटत नाही. आमच्या आतिथ्य-व्यवस्थापन महाविद्यालयाने परदेशातील अशाच एका विद्यालयाशी देवाणघेवाणीचा करार केला आहे. तिसऱ्या वर्षाचे पाच विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी तिकडे शिकतील आणि त्यांच्याबरोबर एक अध्यापक तिकडे शिकवील. प्राचार्यांनी माझे नाव सुचविले. मी म्हटले, "एखादा तरुण माणूस पाठवावा." ते म्हणाले, "तरुण माणसाला चादरीचा कोपरा कुठे येतो? शिवाय तुम्हाला जरा बदल हवाय." मला बदल हवा आहे असे मी कोणासही सांगितलेले नाही.

सहा आठवड्यांच्या अखेरीस खोल्यांची परीक्षा आहे. त्यांच्या स्वतःच्या हॉटेलात वर्षभराच्या प्रशिक्षणाची एक जागा, एकच, आमच्या पाचांपैकी सर्वोत्तम विद्यार्थ्याला मिळेल. अशी जागा आमच्या महाविद्यालयातील कोणाला आजवर मिळालेली नाही.

सामान तीनदा भरले. लेकीने चौथ्यांदा उपसले. "बाबा, फूटपट्टी कशाला?" "कोपरे मोजायला." "विमानात अडवतील." अडवल्यास मी त्यांना तिचा उपयोग समजावून सांगेन. दुपारी डोळा लागला नाही. या वयात अशी उतावीळ शोभत नाही, परंतु आहे खरी.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोहोचलो. फूटपट्टी अडवली नाही.

येथील समन्वयक बाई तरुण, चपळ आणि हसतमुख आहेत. त्यांनी मला विद्यालयामागील इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे घर दिले: एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, दोघांचा पलंग, पूर्वेला खिडकी. सहीसाठी कागद पुढे केला आणि दोन किल्ल्या. म्हणाल्या, "तुम्ही एकटेच ना सर? मग एक परत ठेवून घेऊ का?" मी म्हटले, "नियमाने दोन मिळतात तर दोन असू द्याव्यात." एक खिशात ठेवली, दुसरी दाराशेजारच्या खिळ्याला लावली. तेथून ती हाताशी येते.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तू हे पाहायला हवे होतेस! विद्यालयाच्या वरच्या मजल्यावर आठ खोल्यांचे खरे हॉटेल आहे. खरे पाहुणे येतात, राहतात, तक्रारी करतात. चादरींची कोठी पाहून मी दाराशीच थबकलो. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, प्रत्येक घडीची कड बाहेर. बडीशेपेच्या डबीतसुद्धा खण पाडणाऱ्या तुझी तिथे आठवण झाली, इतकेच.

एक मतभेद मात्र झाला. येथे पायगतीची चादर गादीखाली घट्ट खोचत नाहीत. सैल सोडतात. माझ्या मते हा आळस आहे. येथील मुलांनी मला विचारले, "पाहुण्याला पाय बाहेर काढायचे असले तर?" मी म्हटले, "पाहुण्याने पाय आत ठेवावेत." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

९ सप्टेंबर, सोमवार

आज माझे पहिले प्रात्यक्षिक. आमची पाच मुले आणि येथील बारा. विषय: संध्याकाळची मांडणी. तुला एकदा सांगितले होते, विसरली असशील. पाहुणा झोपण्यापूर्वी आपण खोलीत जाऊन त्याचे पांघरूण कोपऱ्याशी दुमडून ठेवतो. एकटा पाहुणा असेल तर फक्त टेलिफोनच्या बाजूचे, उशाशी एक पेला, खाली सपातांचा एक जोड. दोघे असतील तर दोन्ही बाजूंचे, आणि सर्व दोन-दोन. किती जण, किती रात्री हे सांगणारी पाहुण्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय खोलीस हात लावायचा नाही, हे मी एकतीस वर्षे शिकवीत आलो आहे. तेव्हा तू म्हणाली होतीस, "कॉलेजात एवढं शिकवता आणि घरी उशीचा अभ्रासुद्धा मलाच घालावा लागतो."

फळ्यावर लिहिले: पाहुणा एक. मग मांडणी करून दाखविली. दोन्ही बाजूंची पांघरुणे एका मापाने दुमडली, पेले पुसून ठेवले, सपाता सरळ रेषेत. साडेनऊ मिनिटे. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. आमच्यातला एक मुलगा दिवसभर अखंड बोलतो, म्हणून मुले त्याला 'रेडिओ' म्हणतात; तोसुद्धा गप्प होता. इतकी एकाग्रता मी क्वचित पाहिली आहे. उत्साहाने मी दोन जिने एका दमात चढलो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

एक क्षुल्लक पण त्रासदायक बाब. प्रात्यक्षिकानंतर मी चहास जातो. परत येऊन पाहतो तो मांडणी कोणी तरी बदललेली असते. पेला कमी, सपाता कमी, एका बाजूचे पांघरूण पुन्हा पसरलेले. आज तिसऱ्यांदा घडले. समन्वयक बाईंकडे सफाई कर्मचाऱ्यांविषयी तोंडी तक्रार केली. त्या काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बघते मी सर." सज्जन बाई आहेत, परंतु कामात थोड्या मवाळ.

१८ सप्टेंबर, बुधवार

आता टाचणीविषयी लिहायला हवे. वस्तू नव्हे, विद्यार्थिनी. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि सुटे झालेले काहीही जोडून ठेवणारी, म्हणून हे नाव. वर्गात ती सर्वांच्या शेवटी बाहेर पडते. "सर, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येते," असे रोज म्हणते. हे तिचे वळण मला आवडते.

आज कोठीत चादरी मोजताना तिला विचारले, "वर्षभराची ती जागा तुम्हाला हवी आहे का?" (विद्यार्थ्यांना मी 'तुम्ही'च म्हणतो.) ती म्हणाली, "हवी म्हणजे काय सर! माझी आई दवाखान्यात खाटा आवरते. चोवीस वर्षं झाली. पेशंटच्या खाटा. ती म्हणते, बरं वाटत असणाऱ्या माणसाची खाट आवरायला कसं वाटतं ते मला एकदा बघून सांग."

मी फूटपट्टी पुसली.

मग ती म्हणाली, "सर, रागावू नका. पायगतीला सैल सोडलेलंच बरं असतं. माझी आजी रात्री पाय बाहेर काढल्याशिवाय झोपतच नाही." तूसुद्धा काढायचीस. पांघरूण लाथाडून द्यायचीस आणि सकाळी मलाच विचारायचीस, "माझं पांघरूण कुणी घेतलं?" मी म्हटले, "ठीक आहे. पायगत सैल सोडण्यास परवानगी आहे." टाचणीने तिथेच गिरकी घेतली. बाहेर रेडिओ ओरडला, "सरांनी परवानगी दिली! तारीख लिहून ठेवा रे!"

२४ सप्टेंबर, मंगळवार

लेकीचा फोन.

"बाबा, जेवलात का?"

"भात केला. तळाशी किंचित रंगला."

"करपला म्हणा ना सरळ. आणि तिकडे करमतं का?"

मी तिला कोठी, आठ खोल्या, येथील मुलांची पद्धत, पायगतीचा निर्णय असे सर्व सांगितले. पंचवीस मिनिटे मीच बोलत होतो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं सलग कधीच बोलला नाहीत. आईनं ऐकायला हवं होतं." मी म्हटले, "तिला लिहितो आहे." पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. लाइन खराब असावी.

२ ऑक्टोबर, बुधवार

आज येथील अध्यापकांसमोर माझे व्याख्यान झाले. माझी विदेशी भाषा पुस्तकी आहे; मी वाक्ये आधी मनात जुळवतो व मग उच्चारतो. तरी सारे समजले म्हणतात. अखेरीस चादरीच्या कोपऱ्याची आपली घडी करून दाखविली तेव्हा एक वयस्क अध्यापक उठून जवळ आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा करा." मी चार वेळा केली. टाळ्या वाजल्या. पुढील सत्रात समन्वयक बाई आणि येथील पाच विद्यार्थी आमच्याकडे येणार, हेही जाहीर झाले. ऐकलंस का, चार वेळा!

९ ऑक्टोबर, बुधवार

उद्या परीक्षा. आज चिठ्ठ्या उचलून पाच जणांना पाच खोल्या मिळाल्या. टाचणीस पाच क्रमांकाची: पाहुणा एक, मुक्काम एक रात्र. नियम वाचून दाखविले. पावणेपाच वाजता विद्यार्थ्यांनी खोली सोडून खाली दिवाणखान्यात बसायचे. पुन्हा वर यायचे नाही. मार्गदर्शकाने शेवटची फेरी घ्यायची. पाहायचे, हात लावायचा नाही. पाच वाजता परीक्षक बाई येतील. त्या तीस वर्षे स्वतः खोल्या आवरीत होत्या. त्यांच्या नजरेतून केस सुटत नाही, असे म्हणतात.

टाचणी फार चुळबुळत होती. "सर, शेवटची फेरी तुम्ही एकटेच घेणार? मी आले तर चालेल?" मी म्हटले, "नियम वाचला ना?" ती म्हणाली, "वाचला सर. म्हणूनच." मुलीला धीर कमी आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फार वाईट झाले.

पावणेपाचला मी फेरीस निघालो. एक ते चार ठीक. पाच क्रमांकात थोडा अधिक वेळ थांबलो. खिडकीतून ऊन थेट उशीवर आले होते. खोली अतिशय सुंदर लागली होती, पायगत सैल, तरीही रेषेत. सवयीने एखादी घडी सारखी केली असेल तेवढेच. पाचाला तीन मिनिटे असताना खाली आलो.

साडेसहाला निकाल भिंतीवर लागला. रेडिओ पहिला. टाचणी चौथी. तिच्या नावापुढे परीक्षक बाईंचा शेरा: 'खोली क्र. ५, एकट्या पाहुण्यासाठी दोघांची मांडणी. पाहुण्याची चिठ्ठी वाचलेली नाही. मूलभूत दोष.'

मूलभूत! एकतीस वर्षे जे मी प्रथम शिकवतो तेच! मी तिला सर्वांसमोर म्हणालो, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. चिठ्ठी वाचायला किती वेळ लागतो?" तिने मान वर केली नाही. "चूक झाली सर," एवढेच म्हणाली. बाकीची मुले माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होती. पहिला आलेला रेडिओसुद्धा आनंदी दिसला नाही. मला जेवण गेले नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आठ वाजता दार वाजले. रेडिओ. आत आला आणि बसायला सांगूनही बसला नाही.

"सर, मी हे बोललो म्हणून ती माझं तोंड बघणार नाही. पण ती जागा मला अशी नकोय."

"नीट सांगा."

"काल पाच नंबर कुणी बदलली सर?"

"कोणी म्हणजे?"

"टाचणीनं एकाच बाजूचं पांघरूण दुमडलं होतं. पेला एक. मी दारातून बघितलं होतं, खाली जाताना. त्यानंतर वर फक्त तुम्ही होतात."

मी म्हटले, "अशक्य. मी फक्त..." आणि पुढचे वाक्य जुळेना. ऊन उशीवर आले होते. उजव्या हातात पेला होता. मी तो पुसत होतो.

तो हळू आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही रोज दोघांची मांडता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही चहाला गेलात की टाचणी मागे थांबून सारखं करते. इथल्या मुलांनाही तिनं सांगून ठेवलंय, सरांना काही बोलायचं नाही म्हणून. त्या समन्वयक मॅडमनाही माहितीये. काल तिला वर येता आलं नाही, एवढंच."

"मला कोणी सांगितले का नाही?"

"कसं सांगणार सर?" त्याने खोलीभर पाहिले. मीही पाहिले. ओट्यावर पेले दोन. दाराशी सपाता दोन जोड. मीच येथील दुकानातून आणल्या होत्या, जोडीने स्वस्त होत्या म्हणून. पलंगाची दोन्ही पांघरुणे कोपऱ्याशी दुमडलेली. खिळ्याला किल्ली.

(येथे चार ओळी लिहून खोडल्या आहेत.)

साडेनऊला परीक्षक बाईंच्या खोलीत गेलो. उभ्यानेच सांगितले, "पाच क्रमांकाची खोली मी बदलली. विद्यार्थिनीचा दोष नाही."

त्यांनी चष्मा काढला. "हात लावायचा नाही, हा नियम माहीत होता?"

"मीच मुलांना वाचून दाखवला होता."

"मग का?"

"सवय."

"किती वर्षांची?"

"बत्तीस."

त्यांनी चष्मा पुसला. मग विचारले, "कधी गेल्या?"

"अकरा महिने होतील."

त्यांनी कागद पुढे ओढला. "यात दुःखाचा रकाना नाही, सर. देखरेखीचा आहे." आणि लिहिले: 'मार्गदर्शकाची देखरेख, असमाधानकारक.' कागद माझ्याकडे फिरवला. एकतीस वर्षांत माझ्या नावापुढे हा शब्द कधी आला नव्हता. मी संपूर्ण वाचून सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले.

"आता नियमाप्रमाणे ती खोली पुन्हा," त्या म्हणाल्या. "दुपारी तीनला. आणि तुम्ही जिन्याच्या वर पाऊल टाकायचं नाही."

मी सव्वादोनपासून जिन्याखाली उभा होतो. माझ्यामागे रेडिओ आणि इतर तिघे, त्यांच्यामागे येथील बारा. टाचणी वर जाताना माझ्याजवळ थांबली. काल मी तिला बोललो त्याबद्दल मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही असं बोलू नका, मला रडू येईल आणि चादरीवर डाग पडेल."

अकरा मिनिटे. मग वरून परीक्षक बाईंचा आवाज: "पायगत सैल? हे कुणी शिकवलं?"

टाचणीचा आवाज: "सरांनी परवानगी दिली, मॅडम!"

खाली सगळे एकदम हसले. मीसुद्धा. माझे हसणे माझ्या कानांना अनोळखी वाटले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहिली! टाचणी पहिली! रेडिओ दुसरा, आणि त्यानेच तिला खांद्यावर उचलण्याचा प्रयत्न केला व दोघे पडले. तिने माझ्यासमोर आईला फोन लावला. आई म्हणाली, "मग, कसं वाटतं गं?" टाचणी म्हणाली, "आई, तशीच असते खाट. फक्त पाहुणा सकाळी उठून फिरायला जातो." पलीकडे आई इतकी हसली की मला तीन हात अंतरावरून ऐकू आले.

लेकीला फोन केला. "असमाधानकारक मिळाले," मी म्हटले.

"कुणाला?"

"मला. लेखी."

"मग हसताय काय बाबा?"

मी तिला सर्व सांगितले. पेले, सपाता, सर्व. तू गेल्यापासून अकरा महिने तिला जे सांगायला हवे होते आणि सांगितले नव्हते, तेही. ती रडली, आणि मधेच म्हणाली, "तुमचे जावई विचारतायत, बाबा कुठल्या स्पर्धेत जिंकले का?"

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुपारचे विमान. विद्यार्थी चौघे माझ्याबरोबर; टाचणी राहते आहे. तिला फूटपट्टी दिली. ती म्हणाली, "सर, हिची मला गरज नाही." मी म्हटले, "माहीत आहे. म्हणूनच."

घर आवरले. सपातांचे दोन्ही जोड टाचणीच्या वसतिगृहात दिले. पलंगाच्या चादरी काढताना दिसले की सहा आठवड्यांत उजवीच बाजू चुरगळली होती. डावीकडे घडीच्या रेषा कोठीतून आल्या होत्या तशाच होत्या. मी त्या बाजूला थोडा वेळ बसलो. मग उठलो, कारण गाडी बाराला येणार होती.

ओट्यावर समन्वयक बाईंनी पुढच्या मुक्कामाची चिठ्ठी ठेवली होती. मी ती वाचली. दोनदा वाचली. 'पाहुणा एक.' कोणी एकटा अध्यापक उद्या येतो आहे. मी त्याला ओळखत नाही. नवी चादर घातली, आपल्या पद्धतीने कोपरे, त्यांच्या पद्धतीने पायगत. तुझे पाय आठवले. उशीला अभ्रा मीच घातला. टेलिफोनच्या बाजूचे पांघरूण दुमडले. पेला एक ठेवला. दुसरा हातात होता, तो पुसून कपाटात ठेवला.

खिळ्यावरची किल्ली काढली. दाराला कुलूप लावले, हिसका देऊन पाहिले, आणि कार्यालयात जाऊन सही करून किल्ल्या परत केल्या. दोन्ही.